पोरं आणि गांजा : खान्देशातल्या आईबापांचे आणि पोरांचे नेहमीचे प्रश्न

पालकसभेत, क्लासच्या बाहेर, कधीकधी तर लग्नाच्या पंगतीत पण हेच प्रश्न कानाशी येऊन हळू आवाजात विचारले जातात, म्हणून एकदाचे सगळे लिहून टाकतोय. काही प्रश्न आईवडिलांचे आहेत, काही पोरापोरींनी स्वतः विचारलेत, आणि शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. घाबरवायला म्हणून इथे काहीच लिहिलेलं नाही, कारण एकदा खोटी भीती दाखवली आणि पोरांना ती खोटी आहे हे कळलं की मग ते खरं सांगितलेलं पण ऐकत नाहीत.

गावातली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं चिलीम ओढतात, त्यांना काही झालं नाही. मग पोरांचंच एवढं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो चुकीचा पण नाही. फरक वयाचा आहे. कपाशीला पाते-फुलं लागायच्या वेळेला पाण्याचा ताण बसला की पातेगळ होते आणि ते नुकसान नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही, पण बोंडं फुटून गेल्यावर तेवढाच ताण बसला तर कोणी विचारत पण नाही. मेंदूचं तसंच आहे. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि सगळ्यात शेवटी तयार होतो तो कपाळामागचा भाग, म्हणजे थांबायचं कधी, पुढचा विचार कसा करायचा, रागात असताना हात कसा आवरायचा हे ठरवणारा. तेरा ते एकोणीस हे नेमकं त्याचं बांधकाम चालू असायचं वय. चिलीम ओढणाऱ्या आजोबांनी चाळिशीत सुरुवात केली असेल तर त्यांचा हिशोब वेगळा आणि नववीतल्या पोराचा वेगळा. आणि आजोबांना खरंच काही झालं नाही का हे पण एकदा आजीला विचारून बघा, तिचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

तो डोक्यात जाऊन नेमकं करतो काय?

गांजात टीएचसी नावाचं द्रव्य असतं, नशा त्याचीच. आपल्या मेंदूत आनंदामाइड नावाचं एक रसायन आधीपासूनच तयार होत असतं (हो, नाव ‘आनंद’वरूनच ठेवलंय), ते भूक, आठवण, भीती, झोप यांचं बारीक बारीक नियंत्रण करतं, थोडं तयार होतं, काम करतं, लगेच विरघळून जातं. टीएचसी त्याच्याच जागेवर जाऊन बसतं पण जोर जास्त आणि मुक्काम लांब. त्यामुळे वेळ हळू चाललाय असं वाटतं, हसू आवरत नाही, भूक खवळते, तोंड सुकतं, डोळे लाल होतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि आत्ता कोणी काय बोललं ते पाच मिनिटांनी आठवत नाही. मोठ्या माणसात हे बहुतेक उतरून जातं. वाढत्या मेंदूत ही यंत्रणा स्वतःच मेंदूच्या जोडण्या बसवायच्या कामात गुंतलेली असते, तिच्यात रोज रोज बाहेरून ढवळाढवळ झाली तर जोडण्या कशा बसतील ही खरी चिंता आहे.

मी एकदाच ओढला, बर्थडेला. आता माझा मेंदू खराब झाला का?

नाही. एकदा ओढल्याने मेंदू खराब होत नाही, उगाच रात्रभर जागू नको. जे नुकसान अभ्यासांत दिसलंय ते मुख्यतः लवकर सुरू करणाऱ्यांत, वारंवार घेणाऱ्यांत आणि वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्यांत. पण एकदा घेऊनसुद्धा दोन गोष्टी होऊ शकतात, एक म्हणजे त्याच वेळेला प्रचंड घाबरगुंडी उडणं, आणि दुसरी म्हणजे त्या अवस्थेत गाडी चालवणं. जळगाव-भुसावळ हायवेवर ट्रकच्या मध्ये बाईक घालताना ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर पुढे मेंदूचा प्रश्नच उरत नाही.

गांजाची सवय लागत नाही म्हणतात. दारूसारखं नाहीये ना ते?

लागते. घेणाऱ्या सगळ्यांना लागत नाही, हे खरं, आणि म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे. ढोबळ अंदाज असा आहे की गांजा घेणाऱ्या दहातल्या एकाला सवय जडते, पण सुरुवात किशोरवयात झाली असेल तर सहातल्या एकाला. रोज घेणाऱ्यांत प्रमाण अजून बरंच जास्त. दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशपातळीवरच्या सर्वेक्षणात (अहवाल २०१९चा) भारतात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले साधारण ३ कोटी १० लाख लोक निघाले आणि त्यातल्या जवळपास ७२ लाखांना मदतीची गरज होती.

अजून एक गोष्ट आपल्याकडे कोणी बोलत नाही. इथली पोरं गांजा नुसता क्वचितच ओढतात, सिगारेट रिकामी करून तंबाखूत मिसळून भरतात. म्हणजे ‘मी सिगारेट पीत नाही’ म्हणणारा पोरगा निकोटिन घेऊनच राहिलाय, आणि सहा महिन्यांनी त्याला गांजा सुटला तरी टपरी सुटत नाही.

अभ्यासावर खरंच परिणाम होतो का? आमच्या क्लासचा टॉपर पण ओढतो.

टॉपर एक असतो, त्याच्यावरून नियम काढू नको. शिकलेलं पक्कं करायचं काम मेंदूच्या ज्या भागात होतं तिथे टीएचसीचा असर सरळ पडतो, त्यामुळे संध्याकाळी ओढून रात्री वाचलेलं धडा म्हणून डोळ्याखालून गेलं तरी आत राहत नाही. नियमित घेणाऱ्यांत हा मंदपणा शेवटच्या झुरक्यानंतर काही दिवस राहतो, आणि बऱ्याच जणांत महिनाभर बंद ठेवल्यावर लक्ष आणि आठवण सुधारते, ही चांगली बातमी.

दीर्घकाळाचं बोलायचं तर न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास केला गेला, ती ३८ वर्षांची होईपर्यंत. २०१२ साली निष्कर्ष आला की किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी आठेक गुणांनी खाली आला होता. नंतर जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांत हे इतकं स्पष्ट दिसलं नाही, घरची परिस्थिती पण कारण असू शकते असं निघालं. म्हणजे ‘गांजाने आयक्यू आठने कमी होतो’ असं छातीठोक कोणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे. पण शाळा सुटणं, मार्क घसरणं, दांड्या वाढणं हे संबंध पुन्हा पुन्हा दिसलेत.

आमच्या भाऊबंदात एक पोरगा वेडा झाला, लोक म्हणतात गांजाने. असं होतं का खरंच?

होऊ शकतं, आणि या प्रश्नावर थोडं थांबून वाचा कारण इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या तरुणांचा पाठपुरावा करून १९८७ साली एक अभ्यास छापला गेला, त्यात अठराव्या वर्षापर्यंत भरपूर गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं (भास होणं, खोट्या गोष्टी पक्क्या खऱ्या वाटणं असा दीर्घकाळ चालणारा मनाचा आजार) प्रमाण न घेतलेल्यांच्या सुमारे सहापट दिसलं. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या शहरांतल्या अभ्यासात रोज तेज गांजा घेणाऱ्यांत सायकोसिसची (म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं होण्याची) शक्यता जवळपास पाचपट निघाली. आता हे पाचपट-सहापट ऐकून वाटेल की ओढणारा प्रत्येक जण वेडा होणार, तर तसं नाही, मूळ आजारच शंभरात एखाद्याला होतो, त्यामुळे बहुतेकांना काहीच होत नाही. पण घरात आधी कोणाला असा आजार झाला असेल, काका, मामा, आजी कोणीही, तर त्या घरातल्या पोराने गांजापासून लांबच राहावं. हे मी सल्ला म्हणून नाही, विनवणी म्हणून सांगतो.

लक्षणं काय? कोणी नसताना आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्याबद्दलच बोलून राहिले असं पक्कं वाटणं, खोलीत कोंडून घेणं, अंघोळ-जेवण सुटणं, रात्र-रात्र जागून एकटंच बडबडणं. आपल्याकडे लगेच ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताकडे नेतात, मग दुसऱ्या भगताकडे, मग कोणीतरी लग्न करून द्या म्हणतं, आणि यात सहा महिने-वर्ष निघून जातं. पहिल्यांदा त्रास झाला तेव्हाच औषध सुरू झालं तर पोरगा सावरायची शक्यता खूप चांगली असते. भगताकडे जायची श्रद्धा असेल तर जा भो, पण आधी मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवून जा.

मला टेन्शन असतं, घेतल्यावर शांत वाटतं आणि झोप लागते. यात वाईट काय?

शांत वाटतं हे तू खोटं बोलत नाहीयेस. पण काही महिन्यांनी तेवढ्याने शांत वाटत नाही, मग जास्त लागतो, आणि न घेतलेल्या दिवशी टेन्शन आधीपेक्षा दुप्पट वाटतं, म्हणजे मूळ टेन्शन तिथेच आणि वर गांजाचं नवीन टेन्शन. २०१९ साली अकरा अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात किशोरवयात गांजा घेणाऱ्यांना पुढे तरुणपणी डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार येण्याची शक्यता थोडी जास्त दिसली. थोडीच, पण घेणारे लाखो असले की थोडी पण मोठी होते. बारावी, नीट, घरची भांडणं, बापाचं कर्ज, प्रेमप्रकरण, काय असेल ते कोणाशी तरी बोल. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

भरतीची तयारी करतोय. एकजण म्हणाला गांजाने दम वाढतो, थकवा जाणवत नाही.

दम वाढत नाही. थकवा जाणवत नाही एवढंच, आणि ते जास्त धोक्याचं. ओढल्यावर ठोके मिनिटाला वीस ते पन्नासने वाढू शकतात, त्यात १६०० मीटर पळायचं, त्यात आपल्याकडचं मे महिन्यातलं पंचेचाळीसचं ऊन. रोज ओढणाऱ्यांना खोकला आणि कफ सारखा होत राहतो. ज्याने हे सांगितलं तो स्वतः भरती झाला का ते विचार.

सिगारेट-दारूपेक्षा तरी बरा ना? नैसर्गिक आहे, झाड आहे.

धोतरा पण झाडच आहे. दारू-तंबाखूने माणसं जास्त मरतात हे मान्य, पण त्यावरून गांजा पंधराव्या वर्षी चालेल असं निघत नाही. आणि पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत पकडलेल्या मालात टीएचसी १९९५ला ४ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०१४पर्यंत १२ टक्क्यांवर गेलं, आपल्याकडच्या पुडीवर तर कुठला आकडाच छापलेला नसतो.

महादेवाचा प्रसाद आहे तो. महाशिवरात्रीला भांग घेतलेली चालते ना?

श्रद्धेवर मी बोलणार नाही. मुक्ताईनगरला, तोरणमाळला महाशिवरात्रीला लाखो लोक जातात आणि बहुतेक जण फराळाचं खाऊन, दर्शन घेऊन घरी येतात, भक्तीला भांग लागतेच असं काही नाही. पोरांसाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ओढलेला काही मिनिटांत चढतो, पण खाल्लेली-प्यायलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. पोरगं एक ग्लास घेतं, काही होत नाही म्हणून दुसरा घेतं, तिसरा घेतं, आणि मग सगळे एकदम चढतात आणि रात्रभर उतरत नाहीत. होळी-रंगपंचमीला जी पोरं दवाखान्यात आणतात त्यांची गोष्ट हीच असते.

मग अमेरिका-कॅनडात लीगल कसा?

मोठ्यांसाठी लीगल आहे. अमेरिकेतल्या ज्या राज्यांनी मोकळीक दिली तिथे वय २१ लागतं, कॅनडात २०१८ पासून आहे, तिथेही बहुतेक प्रांतांत १९. वयाची अट त्यांनी पण घातलीये, ती याच कारणासाठी.

औषध म्हणून वापरतात असं वाचलंय.

खरंय. गांजाच्या झाडातल्याच सीबीडी नावाच्या घटकापासून बनलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली लहान मुलांच्या काही दुर्मिळ, अवघड फिट्ससाठी मान्यता मिळाली. पण त्यात नशा नसते, मिलिग्रॅममध्ये मोजून डॉक्टर देतात. टपरीमागच्या पुडीचा त्याच्याशी संबंध नाही.

आमचा पोरगा घेतो का हे ओळखायचं कसं?

एकाच खुणेवरून ठरवू नका, हे आधी सांगतो. डोळे लाल तर रात्री दोनपर्यंत मोबाईल बघितल्याने पण होतात. चिडचिड, खोलीचा दरवाजा लावणं, आईशी तुटक बोलणं हे या वयात बिननशेचं पण असतं. बघायचं ते असं की तीन-चार गोष्टी एकदम आणि अचानक बदलल्यात का. कपड्यांना जळक्या पाल्यासारखा वास, खिशात पातळ कागद, पोकळ केलेल्या सिगारेटी, खोलीत एकाएकी अगरबत्ती लावायची हौस, डोळ्यात घालायचे ड्रॉप, जुने मित्र सुटून नवीन मित्र ज्यांचं नाव-गाव तो सांगत नाही, घरातले पैसे कमी होणं, क्रिकेट किंवा जे काही आवडायचं ते सोडून देणं. पोरींच्या बाबतीत आईबाप बघतच नाहीत, ‘आमची तशी नाही’ म्हणतात, हॉस्टेलवर शिकणाऱ्या पोरींनी पण मला हे प्रश्न विचारलेत एवढंच सांगतो.

दप्तरात पुडी सापडली. काय करू? याच्या वडिलांना सांगितलं तर ते मारतील.

ताई, आधी तुम्ही शांत व्हा. त्याच रात्री, तो नशेत असताना किंवा तुम्ही रडत असताना बोलू नका, तेव्हा बोललेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी, भावंडं आणि पाहुणे नसताना, ‘हे मला सापडलं, मला भीती वाटली, मला सांग’ एवढंच बोला आणि मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं. तो पहिल्यांदा ‘मित्राची आहे’ म्हणेल, म्हणू द्या. कधीपासून, कोणाबरोबर, कितीदा, घेतल्यावर कसं वाटतं, न घेतल्यावर कसं वाटतं, हे हळूहळू काढा.

वडिलांना सांगायचं, लपवून ठेवायचं नाही, कारण लपवलेलं पोराला पण कळतं आणि मग तो आई आणि बापाच्या मधून पळवाट काढतो. पण मारायचं नाही हे आधी दोघांनी ठरवून घ्या. मार खाऊन पोरं गांजा सोडत नाहीत, घरी यायचं सोडतात. शेतात, मळ्यात, मित्राच्या रूमवर झोपतात आणि तिथे माल अजून जवळ असतो. खर्चाचे पैसे कमी करा, बाईकची चावी काढून घ्या, रात्री घरी यायची वेळ ठरवा, हे सगळं चालतं, पण ‘तू माझा आंडोर (पोरगा) नाहीस’ असलं काही बोलू नका. आणि गावभर सल्ला मागत फिरू नका, मामा-मावशांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

घरी लघवीची टेस्ट करून बघू का?

मेडिकलमध्ये किट मिळते, पण चोरून करू नका. टीएचसी चरबीत साठतं त्यामुळे रोज घेणाऱ्याच्या लघवीत तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस सापडू शकतं, म्हणजे ज्याने खरंच सोडलाय त्याची पण टेस्ट पॉझिटिव्ह येईल आणि तुम्ही त्याला खोटारडा ठरवाल. करायचीच तर डॉक्टरच्या देखरेखीत, पोराला सांगून.

पोलिसांनी पकडलं तर? आयुष्य बरबाद होईल का?

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांबद्दलचा कायदा १९८५चा आहे. गांजा सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि एक किलोपर्यंत जवळ सापडला तर वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा दंड किंवा दोन्ही. पण अठराच्या आतला पोरगा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याला मोठ्यांच्या लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि सहसा पुढे नोकरीला ते आडवं येऊ नये अशी कायद्यातच सोय आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि थोड्या मालाच्या केसमधून सूट मिळायची तरतूद पण आहे.

आता दुसरी बाजू. अठराच्या आतल्या पोराला गांजा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होतो, आणि पोराला विकायला किंवा पोचवायला वापरणाऱ्यालाही तेवढीच. हे मुद्दाम सांगतोय, कारण सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर-चोपडा पट्ट्यात कपाशी-तुरीच्या आडोशाला लावलेली झाडं पकडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो, आणि माल इकडून तिकडे न्यायला ‘लहान आहे, कोणी तपासत नाही’ म्हणून शाळकरी पोरांना दोनशे-पाचशेचं आमिष देणारे असतात. ज्याला पाचशे देतात तो पोरगा सापडतो, देणारा सापडत नाही.

मित्राने जास्त घेतला, तो घाबरून थरथरतोय, मरतोय म्हणतो. काय करायचं?

त्याला एकटं सोडायचं नाही. गर्दी आणि गाणी बंद करा, शांत जागी बसवा, ‘हे उतरणार आहे, मी इथेच आहे’ हे सांगत राहा, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. लिंबू, ताक, लोणचं यांनी नशा उतरते याला आधार नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. बाईकवर मध्ये बसवून नेऊ नका. शुद्ध जात असेल, फिट आली, छातीत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, किंवा स्वतःला मारून घेईन म्हणत असेल तर १०८ला फोन करा आणि डॉक्टरला खरं सांगा की काय घेतलंय. डॉक्टरला आधी जीव वाचवायचा असतो.

सोडल्यावर त्रास होतो का?

रोज घेणाऱ्याला होतो. एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं, घाम, विचित्र स्वप्नं सुरू होतात, पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोन-तीन आठवड्यांत बरंच निवळतं, झोप जरा उशिरा जागेवर येते. जिवाला सहसा धोका नसतो. घरच्यांनी एवढं करायचं की त्या दिवसांत चिडला तर ते मनावर घ्यायचं नाही, शेवभाजी कर म्हटला तर करून द्यायची, आणि ‘बघू किती दिवस टिकतं’ असा टोमणा मारायचा नाही. एखाद दिवशी परत घेतला तर सगळं संपलं असं पण नाही.

कुठे न्यायचं? एका केंद्रात सहा महिने कोंडून ठेवतात म्हणे.

गांजा सोडवायची खास अशी गोळी नाही, मुख्य उपचार समुपदेशनाचा आहे, आणि बहुतेक पोरांना घरी राहून, शाळा चालू ठेवून, आठवड्याला एकदा येऊन पण जमतं. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून दाखवता येतं. फोनवर विचारायचं तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि पोरांसाठी १०९८.

खाजगी केंद्रात घालायचंच असेल तर आधी स्वतः जाऊन बघा. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, पोराला मोठ्या दारुड्यांबरोबर एकाच हॉलमध्ये ठेवणार का, घरच्यांना भेटू देतात का. साखळीने बांधणं हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे, आणि मारहाण करायचा हक्क तर कुठल्याच केंद्राला नाही. ‘महिनाभर भेटायला येऊ नका’ असं कोणी सांगितलं तर पोराला घेऊन सरळ घरी या.

माझा मित्र रोज घेतो. घरी सांगितलं तर मी चुगलखोर, नाही सांगितलं तर त्याचं वाटोळं. मी काय करू?

आधी त्यालाच सांग, एकटा असताना, ‘तू हल्ली वेगळा वागतो, मला बरं वाटत नाही’ असं. लेक्चर देऊ नको. त्याच्याबरोबर खेळायला जा, अभ्यासाला बस, भरीत पार्टीला बोलव, गांजावाल्या ग्रुपशिवाय त्याला दुसरं कोणीतरी पाहिजे. पण तो आवाज ऐकू येतात म्हणाला, मरायचं बोलला, किंवा कोणाचा माल पोचवायला लागला, तर त्याच दिवशी एखाद्या मोठ्या माणसाला सांगायचं, त्याच्या घरी भीती वाटत असेल तर तुमच्या सरांना, मॅडमना, नाहीतर त्याच्या मोठ्या बहिणीला. तो दोन-चार महिने बोलणार नाही तुझ्याशी, ते चालेल.